चार कमी पाच हजार

प्रिय टिल्लू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी घाबरली असशील. साहजिक आहे. मी तुला शेवटचं पत्र लिहिलं ते तू एकोणीस वर्षांची असताना, पहिल्या सराव शिबिराला गेलीस तेव्हा. त्यात पत्र म्हणावं असं काही नव्हतंच. मोजे किती न्यायचे, ओले बूट कुठे वाळवायचे आणि कोचला उलट बोलायचं नाही, एवढंच होतं. त्यातलं तिसरं तू कधीच ऐकलं नाहीस. त्यानंतर आपलं सगळं फोनवर. आताही चार दिवसांत चार वेळा फोन उचलला आणि ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला की मी लगेच ताई होते, आणि ताई झाले की माझ्या तोंडून उपदेश निघतो, खरं निघत नाही. म्हणून आज सुट्टीची दुपार बघून खिडकीशी लिहायला बसलेय. शनिवारच्या कार्यक्रमाआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. वाचून झाल्यावर तू माझ्याशी बोलशील की नाही, मला माहीत नाही. नाही बोललीस तर तक्रार करायला मला तोंड नाही.

बाबांच्या हॉलपासून सुरुवात करते, कारण तिथलं काही आठवलं की मला जरा धीर येतो. बाबा बास्केटबॉलच्या हॉलचे रखवालदार, किल्ल्यांचा जुडगा कमरेला, आणि शाळा सुटली की आपण दोघी लाकडी कोर्टावर फडकी घेऊन. तुला आठवत असेल, पुसता पुसता प्रश्न विचारायचे आणि जिला उत्तर येणार नाही तिने पुढच्या दहा फळ्या एकटीने पुसायच्या. एका सामन्यात शंभर गुण कुणी केले? तो सात फूट एक इंचाचा. हजारावर सामने खेळून फाउल जास्त झाले म्हणून एकदाही बाहेर न बसलेला कोण? पुन्हा तोच. जर्सी चोरीला गेली म्हणून बिननावाची बारा नंबरची जर्सी घालून एकोणपन्नास गुण कुणी केले? हा तुझा लाडका प्रश्न. उत्तर मला पाठ आहे हे माहीत असूनही तू तो दर आठवड्याला विचारायचीस, कारण सांगताना मला मजा येते हे तुला माहीत होतं. एकदा बाबांनी सांगितलं की त्या शंभर गुणांच्या सामन्याचं चित्रीकरण कुठेच सापडत नाही. मी विचारलं, मग ते खरं कशावरून? बाबा म्हणाले, टेबलावर बसून कुणीतरी लिहीत होतं म्हणून. त्या दिवशी तुझं वेड आणि माझं वेड वेगळं झालं. तुला तो खेळाडू व्हायचं होतं, मला तो लिहिणारा.

आणि झालोही आपण. तू टिल्लूची सहा फुटी बाई झालीस, लीगमध्ये गेलीस, सात नंबरची जर्सी मिळवलीस. मी आठवडाभर छापखान्यात प्रुफं तपासायची आणि शनिवारी स्कोअररच्या टेबलावर बसायची. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार आणि स्वतःच्या हातून चूक न होण्याचा गर्व, असं माझं सगळं आयुष्य. गर्व होताच, आता कशाला लपवू. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं. कॉफी टेबलाच्या जवळपास येऊ द्यायची नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम माझा मीच केलेला: जर्सीवरचा आकडा बघायचा, चेहरा बघायचा नाही. नवीन स्कोअररना मी हेच शिकवायचे. चेहरा बघितला की माणूस दिसतं, माणूस दिसलं की हात हलका नाहीतर जड होतो. तुझ्या बाबतीत तर मी डोळ्यांना अशी सवय लावली होती की तू समोरून धावत गेलीस तरी मला फक्त सात दिसायचा. घरी येऊन तू विचारायचीस, ताई, तो डाव्या हाताचा शॉट बघितलास का? मी म्हणायचे, सातने दोन गुण केले, बासष्टाव्या आकड्याला. तू हसून लोळायचीस.

मग ती तक्रार आली. समोरच्या संघाच्या त्या जाड्या कोचने लीगच्या ऑफिसात लेखी दिलं की स्कोअरर ही खेळाडूची सख्खी बहीण आहे आणि हे बरोबर नाही. त्याचं चुकत नव्हतं, पण मला ते फार लागलं. समितीसमोर मला बोलावलं. तिघेजण होते, मधला सारखा चष्मा पुसत होता. मी अगदी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, टेबलावर बसले की मला बहीण नसते. ते वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी मला ठेवून घेतलं, आणि पुढच्या महिन्यात लीगच्या मासिकात ते माझ्या फोटोखाली छापून आलं. तू ते कापून फ्रिजवर लावलंस. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचीस. माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. हे सांगतेय कारण पुढे जे झालं ते या वाक्यापायी झालं, दुसरं काही कारण शोधू नकोस.

तुझ्या भुवईला कोपर लागलं तो सामना तुला आठवत असेल, निदान टाके तरी आठवत असतील. तिसरा क्वार्टर नुकताच सुरू झाला होता. तू खाली बसलीस आणि बोटांमधून रक्त यायला लागलं. मी टेबलापासून उठले नाही. उठायला हवं होतं असं नाही, पण मी तर मानही वर केली नाही. शीटवरच्या एका रिकाम्या चौकोनाकडे बघत बसले, कारण तुझ्याकडे बघितलं असतं तर धावत आले असते आणि सगळा हॉल म्हणाला असता, बघा, बहीण आहे ना. रक्त लागलेली जर्सी घालून खेळता येत नाही, म्हणून त्यांनी तुला पट्टी बांधून संघाची जादा जर्सी दिली. वीस नंबर, मागे नाव नाही. तू जाताना माझ्या टेबलाशी थांबून म्हणालीस म्हणे की आज मी पण एकोणपन्नास करते. टाइमकीपरने मला नंतर सांगितलं. मी ऐकलंच नव्हतं. अशा वेळी स्कोअररने काय करायचं असतं? खेळाडूच्या नावापुढे नवा नंबर लिहायचा. एवढंच. दोन आकडे. ते मी लिहिले नाहीत, कारण मी मान खाली घातली होती.

आता हे नीट समजून घे. शीटवर गुणांची उभी छापील रांग असते, एक, दोन, तीन अशी. कुणी बास्केट केली की त्या आकड्याशेजारी तिच्या जर्सीचा नंबर लिहायचा, आणि सामना संपल्यावर कुठला नंबर किती वेळा आला ते मोजून नावापुढे बेरीज मांडायची. तू त्या क्वार्टरमध्ये तीन बास्केट केल्यास. मला वीस दिसला, मी लाल पेनने तीनदा वीस लिहिला. चौथ्या क्वार्टरला तुझी सात नंबरची जर्सी धुऊन, पंख्यापुढे धरून परत आली आणि तू पुन्हा सात झालीस. तुमच्या संघात ती नवखी आली होती, आठवते ना, सारखी बुटाची नाडी सोडून बांधायची ती? तिची जर्सी शिवून यायची होती म्हणून तिने आधीचे तीन सामने तीच वीस नंबरची घातली होती. लीगच्या छापील यादीतही तिच्या नावापुढे वीसच होता. त्याच दिवशी तिला आठ नंबर मिळाला आणि मी वीसच्या वर पेनने आठ लिहिला होता. शेवटी बेरजा मांडताना वीसही तिचा आणि आठही तिचाच, असं धरून मी तुझे सहा गुण तिच्या नावापुढे टाकले. संघाची बेरीज जुळली. रेफरीने सही केली. दुसऱ्या कुठल्याही स्कोअररने ही चूक केली नसती, कारण दुसऱ्या कुणीही बघितलं असतं की डोक्याला पट्टी बांधून ही टिल्लू धावतेय. मलाच दिसली नाही.

इथवर ती चूक होती. चुकीची लाज वाटते, पण ती पचते. पुढचं चूक नाही. मूळ शीट रविवारभर माझ्याकडे असायची, वहीत उतरवून सोमवारी ऑफिसात द्यायची. त्या रविवारी उतरवताना मला दिसलं की नवखीच्या नावावर तिसऱ्या क्वार्टरचे लाल गुण आहेत आणि ती कोर्टावर पहिल्यांदा उतरल्याची खूण मात्र निळी आहे, चौथ्यातली. लाल चालू असताना ही पोरगी बेंचवर बसली होती. मग लाल गुण कुणाचे? मला कळायला अर्धं मिनिटही लागलं नाही. दुरुस्तीला सोमवार संध्याकाळपर्यंत मुदत होती. अर्ज एका पानाचा. मी तो लिहायलाही घेतला. ‘सहा गुण सात नंबरच्या खेळाडूकडे वळते करावेत’ इथवर लिहिलं आणि मला तो जाडा कोच दिसायला लागला, चष्मा पुसणारा दिसायला लागला. मासिकात वाक्य छापून महिनाही झाला नव्हता. बहीण नसणारी बाई बहिणीला सहा गुण देतेय. मी स्वतःला समजावलं की सहा गुण म्हणजे काय, तुझ्या हजारोंमध्ये सहा गुण कुणाच्या लक्षात येणार. अर्ज फाडला. हे मी तुझ्या भल्याचं ठरवून केलं नाही, कुणाच्याच भल्याचं नाही. माझं नाव स्वच्छ राहावं म्हणून केलं.

आणि तू, तू तर मला संधी दिली होतीस. सोमवारी सकाळी डोळा सुजलेला, टेबलाशी बसून पेपर वाचत होतीस. म्हणालीस, “ताई, मला वाटत होतं सतरा झाले. इथे अकरा आहेत. डोक्याला लागलं होतं म्हणून असेल. तुझ्या शीटवर अकरा म्हणजे अकराच.” आणि पान उलटलंस. जिभेवर आलेलं मी चहाबरोबर गिळलं. संध्याकाळपर्यंत अजून नऊ तास होते.

त्याच दिवशी दुपारी नवखी छापखान्यात आली. आमच्या त्या खटखटणाऱ्या यंत्रापाशी उभी राहून म्हणाली की पेपरात माझ्या नावावर जादा गुण आलेत, ते माझे नाहीत, टिल्लूताईचे आहेत. अठरा वर्षांची पोर, संघात जेमतेम महिना झालेला, गुण परत करायला दोन बस बदलून आलेली. आणि मी तिला काय सांगितलं? शीटवर सही झाली आहे, स्कोअररच्या कामात खेळाडूंनी लक्ष घालायचं नसतं. वर आवाज चढवला. ती ‘सॉरी ताई’ म्हणून निघून गेली. पुढे ती तुझ्याशी कधी मोकळेपणाने वागली नाही, तू म्हणायचीस की हिचं काय बिनसलंय कोण जाणे. तिचं काही बिनसलं नव्हतं, तिला मी गप्प बसवलं होतं. मागच्या वर्षी रंगाच्या दुकानात आम्ही समोरासमोर आलो. आता ती शाळेत खेळाची शिक्षिका आहे. तिने मला नीट नमस्कार केला, आणि मी डब्यांवरचे भाव वाचत राहिले.

त्यानंतर दोन वर्षं मी तुझी खरी बेरीज मनात ठेवत आले. अधिकृत आकडा आणि खरा आकडा, दोन्ही. वेड लागल्यासारखं. पुढे जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, प्रश्नमंजूषांत त्याच्यावर प्रश्न निघतात. शेवटचा सामना, पाच हजाराला चार कमी, गुडघा गेला, कारकीर्द संपली. तू ते जसं अंगावर घेतलंस तसं मला आयुष्यात जमलं नसतं. सहीखाली ४,९९६ लिहायला लागलीस. मुली शिकायला आल्या की त्यांना सांगायचीस, माझ्याकडून शेवटचे चार सोडून सगळं शिका. टीव्हीवर त्या निवेदकाने विचारलं की इतकं जवळ येऊन राहिलं याचं वाईट वाटत नाही का, तर म्हणालीस की टेबलावर माझी सख्खी ताई बसली होती आणि तिने मला एक गुणही उगाच दिला नाही, मला त्या चार गुणांपेक्षा याचा अभिमान आहे. स्टुडिओतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी एकटी बसून बघत होते आणि उठून टीव्ही बंद केला. तू फोन केलास, कसं बोलले? मी म्हणाले, केस नीट बांधायचे होतेस.

लोक मला ओळखायला लागले, टिल्लू. बहिणीलाही चार गुण न देणारी बाई. नवीन स्कोअरर पेनावर माझी सही मागायचे. छापखान्यात खेळांच्या प्रश्नोत्तरांचं एक पुस्तक तपासायला आलं आणि बाकी कुणाला खेळातलं कळत नाही म्हणून ते माझ्याच टेबलावर आलं. सदतिसावा प्रश्न: कारकिर्दीत पाच हजार गुणांना अवघे चार गुण कमी पडलेली खेळाडू कोण? खाली तुझं नाव, आणि त्याखाली बारीक टाइपात, विशेष म्हणजे तिच्या सामन्यांची नोंद तिची मोठी बहीणच करत असे. मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि समासात बरोबरची खूण केली. माझ्या हाताने. माहिती बरोबर आहे, छापा. त्या पुस्तकाच्या आता पाच आवृत्त्या झाल्यात. लाज म्हणजे काय असते हे मला त्या खुणेने कळलं. तरीही मी बोलले नाही, हे बघ.

आता जे लिहायचं राहिलंय त्याच्याभोवती मी इतका वेळ फिरतेय. शेवटच्या सामन्याची सकाळ. तू स्वयंपाकघरात दोन खुर्च्या घेऊन बसली होतीस, एका खुर्चीवर तू आणि एकीवर पाय, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. फिजिओने चार आठवडे उडी मारायची नाही म्हणून बजावलं होतं. पुढच्या हंगामात तुला घेणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, तुलाही. पाच हजाराला सहा गुण कमी होते आणि एकच सामना उरला होता. आयुष्यात तू खेळाबद्दल मला कधी सल्ला विचारला नव्हतास. त्या दिवशी विचारलास. म्हणालीस, “ताई, खरं सांग, खेळू का? तू सांगितलंस तर नाही खेळणार.” मी भांडी पुसत होते. पाठ तुझ्याकडे. मी म्हणाले, “तुझं तू ठरव. मी टेबलावरची माणूस.” तू म्हणालीस, बरोबर आहे, तुला विचारायलाच नको होतं. उलट माफी मागितलीस माझी. मग पायाला घट्ट पट्टी बांधून आलीस, पहिल्या क्वार्टरला एक बास्केट केलीस, लाल पेनने मी लिहिली, आणि पुढच्याच चेंडूला उडी मारून खाली आलीस ती तशी आलीस. तो आवाज टेबलापर्यंत आला होता. मी तुझ्या जागी कोण आलं त्याचा नंबर लिहिला.

त्याच्या आदल्या शनिवारी, सामना संपायला सव्वा मिनिट असताना, तुला दोन फ्री थ्रो मिळाले होते. पहिला हुकला. दुसरा कड्यावर दोनदा आपटून आत गेला. शीटवर तुझे चार हजार नऊशे चौऱ्याण्णव झाले. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही, वाजवायचं काही कारणच नव्हतं. माझा सातचा आकडा मात्र चौकोनाबाहेर गेला. कारण माझ्या मनातल्या बेरजेत ते पाच हजार होते. बरोबर पाच हजार, टिल्लू. तू गुडघ्यावर बर्फ ठेवून मला विचारत होतीस तेव्हा तुला मिळवायचं असं काहीच उरलं नव्हतं. फक्त मला माहीत होतं की तुला कोर्टावर उतरायची गरज नाही. आणि मी ताटल्या पुसल्या.

तुला वाटेल, इतकी वर्षं गेली, दोन ऑपरेशनं झाली, तू तळमजल्याचं घर घेतलंस, खुर्चीवर बसून मुलींना शिकवायची सवय केलीस, मग आजच का? बुधवारच्या तुझ्या फोनमुळे. लीगने निःपक्ष नोंदीचा पुरस्कार माझ्या नावाने सुरू करायचं ठरवलंय, पहिला मलाच, आणि तो तुझ्या हातून, हे कळल्यापासून मी नाही म्हणायचं निमित्त शोधत होते आणि तू खूश होतीस. बुधवारी तू हसत सांगितलंस की व्यासपीठाला तीन पायऱ्या आहेत, कठडा नाही, पण कुणाचा हात धरून चढणार नाही, ताईला द्यायचंय तर स्वतःच्या पायाने जाणार. शेजारच्या जिन्याच्या तीन पायऱ्यांवर रोज दोनदा सराव करतेयस. गुडघा थोडा सुजलाय, पण शनिवारपर्यंत निभावेल, म्हणालीस. बोलता बोलता फोनमध्ये बर्फाची पिशवी खळखळली. पुन्हा तोच गुडघा, पुन्हा माझ्यापायी, आणि पुन्हा मला माहीत असताना. त्या सकाळी मी तुला थांबवलं नाही, म्हणून आज थांबवतेय. पुरस्कार नको म्हणून मी ऑफिसला कळवलंय आणि कारणही लिहिलंय. मूळ शीट त्यांच्याकडे आहे, लाल वीस तीनदा आहेत, कुणालाही दिसतील. नवखीला काल फोन केला. ती लेखी द्यायला तयार आहे. म्हणाली, “ताई, मी तर तेव्हाच आले होते.” मी तिची माफी मागितली. दुरुस्तीचा अर्ज सोबत आहे, त्यावर खेळाडूची सही लागते. ती करायची की नाही, मला माफ करायचं की नाही, पुन्हा कधी ताई म्हणायचं की नाही, यातलं काहीच मी मागत नाही. फक्त आजपासून त्या पायऱ्या चढू नकोस. पाय वर घेऊन बस. तुझे गुण पाच हजार दोन आहेत.

तुझीच, तू ठेवशील तितकी,
ताई